घरच्या बाणांना नंबर नसतो

काटकोनकाकांना जगात वाकड्याशिवाय दुसरं काही दिसत नसे. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत आणि मग यजमानांना विचारत, "बसू का?" दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे हे त्यांनी आधी सिद्ध केलं. त्याखाली घडी घातलेला कागद सरकवला आणि मगच स्वतःच्या गुडघ्याकडे वळले. बत्तीस वर्षं त्यांनी पंपांच्या कारखान्यात लेथवर काढली होती. पंपाचा दांडा फिरताना केसभर डोलला, तरी काकांना ते पलीकडच्या खात्यात बसून कळे. नाव तिथेच पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत घरातली सगळी दारं, खिडक्या आणि कपाटं त्यांनी सरळ करून टाकली. मग ते ओट्यापाशी उभं राहून, काकू भाजी कशी तिरकी चिरतात ते बघू लागले, तेव्हा मात्र काकूंनी हात टेकले. दोन घरं सोडून एक बाई राहत असत. त्या जवळच्या मैदानावर तिरंदाजी शिकवत. सगळे त्यांना कोचबाई म्हणत. काकू त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे काही मोडकं असेल तर आमच्या ह्यांना द्या. नसेल तर काहीतरी मोडा, पण द्या."

मोडकं भरपूर होतं. मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसाठी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या पोटात एक खोली होती. तिचं छत अर्थातच तिरकं होतं. खोली मिळाल्यावर काकांनी पहिले आठ दिवस त्या छताकडे रोखून बघण्यात घालवले आणि शेवटी त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकले. खोलीत एक लांब टेबल आलं. टेबलावर चार छोट्या चाकांचा एक स्टँड, सोनाराकडे असतो तसा तराजू, बाण कापायची मशीन आणि पाणी उकळायची किटली. किटली चहासाठी नव्हती. बाणाचं टोक सोडवायला ते उकळत्या पाण्यात धरावं लागे. कुणी तिच्यात चहा केलाच, तर काका त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत.

आणि एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, चार रकान्यांची. बाण कुणाचा आणि कितवा, तक्रार काय, कारण, उपाय. मैदानावर या वहीची धास्ती होती, कारण तिसऱ्या रकान्यात काका कुणाची भीड ठेवत नसत. "कारण: बाण गाडीच्या डिकीत फेकणे." "कारण: धाकट्या मुलीने पिसं चावली." एकदा तर नुसतंच, "कारण: मेहुणा." ज्याचा मेहुणा होता त्याला ते बरोबर कळलं.

दंतवैद्य हे काकांचं लाडकं गिऱ्हाईक. हे गृहस्थ दरवर्षी बारा बाणांचा नवा कोरा संच घेत आणि दरवर्षी तक्रार घेऊन येत.

"काका, कालच आणलेत. आणि शेपूट हलवत जातात हो."

 काका बाण स्टँडवरच्या चाकांवर ठेवत, बोटाने गरकन फिरवत आणि टोकाकडे बघत. बाणाचं टोक फिरताना एका जागी थांबल्यासारखं दिसलं पाहिजे. ते थरथरताना दिसलं की काकांचा चेहरा खुलत असे.

"नळी सरळ आहे," ते म्हणत. "कार्बनचा बाण वाकला तरी वाकडा राहत नाही. एकतर सरळ असतो, नाहीतर मोडलेला असतो. लोखंडाची, लाकडाची आणि माणसांची गोष्ट वेगळी. तेव्हा दोष मधे शोधायचा नाही, टोकांना शोधायचा. तुमचं पुढचं टोक तिरकं बसलंय. नळी काटकोनात कापलेली नव्हती, त्यावर दुकानदाराने टोक चिकटवून दिलं."

"म्हणजे दातावर टोपी तिरकी बसवल्यासारखं."

"तुम्ही बसवता वाटतं तशा?"

दंतवैद्य त्यानंतर उपमा जपून देऊ लागले. पण काकांचा हातच असा होता की किटलीतून, कानशीतून आणि चाकांवरून जाऊन आलेला बाण हवेतून रेघ ओढल्यासारखा जाई. दोरीवर बसणारी मागची खाच सैल असेल तर तीही ते बदलत. पिसं घासली असतील तर तीन पिसं एकमेकांपासून सारख्या अंतरावर नव्याने चिकटवत. बाण थोडा वाकवून कानाशी धरत. आत कुठे तडा असला तर तो करकरतो, आणि करकरलेला बाण ते तिथल्या तिथे गुडघ्यावर मोडत. असा बाण सोडताना फुटला तर हातात घुसतो, म्हणून मैदानाचा नियमच होता. मेलेला बाण दुरुस्ती करणाऱ्यानेच मोडायचा आणि तुकडे दाराशी ठेवलेल्या पिंपात टाकायचे, म्हणजे कुणाला मोह नको. दंतवैद्यांचे बाण काका बिनदिक्कत मोडत. बाण लोकांचे होते.

आता काकूंकडे वळायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे.

काकू मैदानावर डबा पोचवायला येत. आधी तीस वर्षं त्या टपालकचेरीत पत्रं वेगळी करायच्या कामाला होत्या. चार हातांवरून पाकीट फेकायचं आणि ते बरोबर गावाच्या खणात पडायचं. एक दिवस कोचबाईंनी गंमत म्हणून त्यांच्या हातात धनुष्य दिलं. पहिला बाण गवतात गेला. दुसरा आणि तिसराही गवतातच गेला. चौथा पिवळ्यात लागला. पिवळा म्हणजे अगदी मधला. काकूंनी धनुष्य खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "डबा थंड होतोय." पण दुसऱ्या दिवशी त्या डब्याच्या वेळेच्या दीड तास आधी आल्या. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. डबा हल्ली काका स्वतः घेऊन येतात.

नवराबायकोंनी एक तह केला होता. काकूंनी काकांच्या टोकं-पिसं चिकटवायच्या डिंकाबद्दल बोलायचं नाही आणि काकांनी काकूंच्या हाताबद्दल बोलायचं नाही. काकूंचे बाण अर्थात काकाच बघत. पण त्या बाणांना नंबर नव्हते. गिऱ्हाइकांच्या प्रत्येक बाणावर काका बारीक अक्षरात नंबर घालत, घालायला लावत आणि न घालणाऱ्याला अर्धा तास ऐकवत. "नंबर नाही तर कोणता बाण चुकला हे तुम्हाला कसं कळणार? बाराच्या बारा सारखेच दिसतात." काकूंच्या बाणांबद्दल मात्र कुणी विचारलं, तर म्हणत, "घरच्या माणसांना कुणी नंबर घालतं का? मी त्यांना तोंडावरून ओळखतो."

हे ऐकायला गोड होतं. काकूंनाही गोड वाटे. पुढचा सगळा घोळ या गोडव्यातून झाला.

साठीच्या पुढच्यांचा तिघांचा संघ दुसऱ्या मैदानावर सामन्याला जाणार होता. दोन नावं पक्की होती. तिसऱ्या जागेसाठी शनिवारी चाचणी होती आणि त्या जागेवर दोघांचा डोळा होता, काकूंचा आणि दंतवैद्यांचा. काकू आजवर कुठल्याच संघात नव्हत्या. टपालकचेरीत तीस वर्षांत त्यांना एकदा घड्याळ मिळालं होतं, तेही सगळ्यांना मिळालं होतं. या जागेची त्यांना इतकी आस लागली होती, की त्या तिच्याबद्दल घरात एक शब्द काढत नव्हत्या.

आणि नेमका महिनाभर आधी त्यांचा नेम बिघडला. सहा बाण सोडले की चार-पाच पिवळ्यात जवळजवळ लागत आणि एक-दोन डावीकडे भरकटत, कधी लालात तर कधी निळ्यात. जाताना त्यांची शेपटी हलताना दिसे. पुढच्या फेरीत कधी सगळे सहा चांगले लागत. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा दोन भरकटत. कशाचा कशाला मेळ नव्हता.

काकांनी बाराही बाण टेबलावर घेतले. फिरवले, टोकं स्थिर. वाकवून कानाशी धरले, करकर नाही. तराजूवर घातले, वजन सारखं. खाचा घट्ट, पिसं नीट. दुपारभर त्यांनी काही म्हणता काही सोडलं नाही. टेबलाच्या कडेला खिळ्यावर मोजपट्टी लटकत होती, तिला तेवढा त्यांचा हात लागला नाही. लांबी काय मोजायची? बाण घरचे होते.

"बाण निर्दोष आहेत," त्यांनी जाहीर केलं. खोलीत तेव्हा कोचबाई होत्या, दंतवैद्य होते आणि आणखी दोघं-तिघं होते. "माझ्या टेबलावरून गेलेला बाण डोलत नाही. दोरी सोडताना बोटं ओढली जातायत. वयाप्रमाणे होतं."

तह मोडला होता.  काकूंनी बाण भात्यात भरले आणि निघून गेल्या.

मग त्या बोटांच्या मागे लागल्या. बोटांवरचा चामड्याचा पट्टा बदलला. सकाळी रबराचा चेंडू दाबायला सुरुवात केली. स्वयंपाक करताना मधेच थांबून त्या हवेतली दोरी ओढत आणि हळूच सोडत. काका ते बघत आणि त्यांना वाटे, चला, बाई मनावर घेतेय. नेम मात्र आणखी बिघडला, कारण आता त्या प्रत्येक बाण भीत भीत सोडत होत्या.

बुधवारी दंतवैद्यांनी त्यांना एक सल्ला दिला. प्रतिस्पर्धी असले तरी माणूस मनाने चांगला होता. "काकू, डावीकडे जाईल त्या बाणाला एक ठिपका द्या. दिवसभर सोडा आणि मग बघा." काकूंनी पुतणीच्या लग्नात आणलेली नखं रंगवायची लाल बाटली आणली आणि दिवसभर ठिपके दिले. बाण डावीकडे गेला की ठिपका. त्यांची खात्री होती, की संध्याकाळपर्यंत बाराही बाणांना गोवर उठलेला असेल. ठिपके देता देता त्या इतक्या खचल्या, की नंतर बघायचंही त्यांना सुचलं नाही. भाता घरी आणून त्यांनी दारामागे टेकवून ठेवला.

गुरुवारी सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "शनिवारी मी कोचबाईंना सांगून येते. माझं नाव काढा म्हणते."

"का?"

"का काय? हात गेले माझे. तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांदेखत. दंतवैद्यांना तरी नीट जाऊ दे."

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. आणि तो लाल रंग पुसून टाका बाई बाणांवरचा. बघवत नाही मला."

शुक्रवारी दुपारी काकू भाजी आणायला बाहेर गेल्या होत्या. काकांनी भाता उघडला, कापूस घेतला, रंग काढायचं औषध घेतलं आणि एकेक बाण बाहेर काढू लागले. पहिल्यावर ठिपका नव्हता. दुसऱ्यावर नव्हता. तिसऱ्याच्या शेपटाशी पाच ठिपके होते. काकांनी कापूस त्यावर टेकवलाही, आणि तसाच धरून ठेवला. मग बाकीचे बाण भराभर काढून टेबलावर मांडले. नऊ बाण स्वच्छ होते. तीन बाणांवर मिळून चौदा ठिपके होते.

माणसाचा हात ओढला जात असेल, तर तो बाण निवडून ओढला जात नाही. हे कळायला काकांना लेथची गरज नव्हती.

त्यांनी ते तीन बाण आणि एक स्वच्छ बाण हातात घेतले आणि टेबलावर ठोकून सारखे केले. तिन्ही आखूड निघाले. एक बोटाच्या अर्ध्या पेरानं, दुसरा त्याहून थोडा जास्त, तिसरा चांगला पेरभर.

आणि मग त्यांना तिघांचीही तोंडं ओळखू आली. पहिला दीडेक महिन्यापूर्वी निशाणाच्या लाकडी चौकटीच्या लोखंडी पायावर आपटला होता. पुढची कड चिरली, तेव्हा काकांनी चिरलेला भाग कापून टाकला, नवी कड काटकोनात घासली आणि टोक पुन्हा बसवलं. दुसऱ्याचं तसंच. तिसरा तर दोनदा कापला होता, दुसऱ्यांदा महिन्यापूर्वीच. आखूड बाण वजनाला हलका होतो, म्हणून काकांनी शक्कल लढवून आत टोकामागे पितळेची कपची घातली होती आणि तराजू फसवला होता. तराजूच्या पाठोपाठ स्वतःही फसले. आखूड बाण ताठ होतो. ताठ बाण धनुष्यातून सुटताना पुरेसा वाकत नाही, शेपूट हलवतो आणि उजव्या हाताने सोडला तर डावीकडे जातो. हे सगळं काका गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगत. एका भात्यात दोन लांब्या ठेवल्या म्हणून त्यांनी दंतवैद्यांना एकदा शाळेतल्या मुलासारखं उभं केलं होतं.

लोकांचे असते तर हे तिन्ही बाण तेव्हाच पिंपात गेले असते. पण तिसरा, पेरभर आखूड झालेला, तो आठ वर्षांपूर्वी पिवळ्यात लागलेला काकूंचा पहिला बाण होता. काकांनी तो दोनदा वाचवला होता आणि तो वाचवल्याचं काकूंना कधी सांगितलंही नव्हतं. प्रेमाने माणूस काय काय करून बसतो याचा हा नमुना.

काकांच्या हातात कापूस होता. रंग पुसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. काकू उद्या नाव काढून येणार होत्या, आणि नऊ वर्षं काकांच्या टेबलावरून गेलेला एकही बाण डोलला नव्हता, तसे हेही डोलले नाहीत असंच ठरलं असतं.  काकांना स्वतःची लाज वाटली. ती वाटायलाच हवी होती. मग दारात काकूंच्या चपला वाजल्या, तेव्हा त्यांनी कापूस खिशात टाकला, नऊ बाण भात्यात ठेवले आणि तीन शर्टाच्या आत लपवले. साठीच्या पुढे गेलेला माणूस शर्टात तीन बाण घेऊन ताठ चालत न्हाणीघरात गेला, तर बायकोला काय वाटेल याचा विचार त्यांनी केला नव्हता.

"पाठ धरली का?" काकूंनी विचारलं.

"थोडीशी," काका आतून म्हणाले.

शनिवारी सकाळी काका काकूंच्या आधी तासभर मैदानावर गेले. काकू आल्या तेव्हा खोलीच्या दाराशी कोचबाई आणि दंतवैद्य उभे होते. काका टेबलापाशी होते, छताकडे तोंड करून.

"बाई, मला एक सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. "माझं नाव—"

"आधी वही वाचा," कोचबाई म्हणाल्या.

वही टेबलावर उघडी होती. पानं मिटू नयेत म्हणून तिच्यावर काळ्या नळ्यांचे सहा तुकडे ठेवले होते. तीन बाण, प्रत्येक मधोमध मोडलेला. एका तुकड्यावर अजून पाच लाल ठिपके होते. काकूंनी चष्मा लावला आणि वाचलं.

"बाण: घरचे, तीन. नंबर नाही. तक्रार: डोलतात, डावीकडे जातात. कारण: दुरुस्ती करणारा. उपाय: मोडले."

त्याखाली चारही रकाने ओलांडून, काकांनी आयुष्यात पहिल्यांदा रेघ सोडून लिहिलं होतं, "तिरंदाजाचे हात सरळ आहेत. पहिल्यापासून."

 वाचून झाल्यावर काकूंनी एक तुकडा उचलला. त्याच्या पिसांतलं एक पीस पिवळं होतं, बाकीची पांढरी. आठ वर्षांपूर्वी कोचबाईंच्या जुन्या भात्यातून आलेला.

"हा तोच ना?"

"तोच," काका म्हणाले. "मोडवत नव्हता मला. काल रात्रीपर्यंत मोडवत नव्हता. सकाळी मोडला."

"आणि मी महिनाभर चेंडू दाबत बसले."

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

"हो," काका म्हणाले. "माझी चूक झाली."

दंतवैद्य इतके अवघडले, की त्यांनी किटलीचं झाकण उघडून आत काय आहे ते बघायला सुरुवात केली. काकूंनी पदराने डोळे पुसले, पिवळ्या पिसाचा तुकडा पर्समध्ये टाकला आणि पाच तुकडे पिंपात टाकले. मग कोचबाईंना म्हणाल्या, "माझं नाव राहू द्या. नऊ बाण चालतील ना?"

"सहाच लागतात एका फेरीला."

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. चाचणीत काकू दोन गुणांनी पुढे राहिल्या. सामन्याला त्या गेल्या आणि दंतवैद्य राखीव म्हणून गेले. सगळ्या प्रवासात त्यांनी काकूंची बॅग उचलली आणि बदल्यात काकूंच्या डब्यातलं अर्धं खाल्लं. पण काकांना विचाराल, तर ते चाचणीतली पहिलीच फेरी सांगतील.

काकू रेघेवर उभ्या राहिल्या. महिनाभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली होते. पहिला बाण पिवळ्यात. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा, चौथा, पाचवा, एका मुठीत मावतील इतके जवळ. एकाचीही शेपटी हलली नाही. काका पायऱ्यांवर बसून दुर्बिणीतून बघत होते आणि दुर्बीण तिरकी धरली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सहावा बाण डावीकडे लागला, निळ्यात.

 नऊ बाण काल काकांनी चारचारदा मोजले होते. पट्टीने मोजले होते, दोऱ्याने मोजले होते. ते उठून उभे राहिले. काहीतरी राहिलं असणार, एखादी खाच, एखादं पीस.

काकूंनी धनुष्य खाली केलं आणि मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं. त्या हसत होत्या.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "हा माझा होता."